आकिहाबारा : सुट्या भागांची पेठ

जपान पाहायला निघालेल्या तरुणांच्या यादीत क्योटोची मंदिरं आणि फुजी पर्वत यांच्या बरोबरीने आता आकिहाबारा हे नाव हमखास असतं. टोकियोच्या चियोदा वॉर्डातला हा परिसर. एकेका इमारतीच्या सहा-सात मजल्यांवर ॲनिमेतल्या पात्रांच्या मूर्ती, मांगाचे खंड, जुने व्हिडिओ गेम आणि ट्रेडिंग कार्डं रचलेली असतात. तंत्रज्ञानाची ओढ असलेला माणूस त्याच स्टेशनवर उतरतो, पण रेल्वेच्या उन्नत मार्गाखालच्या बोळांत शिरतो. तिथल्या चिमुकल्या गाळ्यांत रेझिस्टर, कपॅसिटर, स्विच, जोडण्या आणि वायरींची भेंडोळी डब्याडब्यांतून मांडलेली असतात. प्रवासाची माहितीपुस्तकं या दोन दृश्यांचा संबंध एका वाक्यात लावून टाकतात: आधी इथे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार होता, तो ओसरला आणि त्याची जागा ॲनिमेने घेतली. ही मांडणी मला पटत नाही. आकिहाबाराचा गेल्या पाऊणशे वर्षांचा व्यवहार नीट पाहिला, तर ॲनिमेने तिथे कुणाला हुसकावलेलं दिसत नाही. वस्तू तयार विकत घेण्याऐवजी तिचे भाग आणून ती स्वतः जोडायची, ही सवय युद्धानंतर या पेठेने जोपासली. ॲनिमे आलं ते त्याच सवयीच्या वाटेने. ज्या गाळ्यांनी, ज्या गिऱ्हाइकांनी आणि ज्या विक्रेत्यांनी रेडिओ मोठा केला त्यांनीच, किंवा त्यांच्या वारसांनी, पुढे संगणक मोठा केला आणि ॲनिमेलाही जागा करून दिली.

या जागेचा आधुनिक इतिहास आगीपासून सुरू होतो. लाकडी घरांच्या एदो शहराला, म्हणजे जुन्या टोकियोला, आगीचं भय कायमचं होतं. १८६९ च्या अखेरीला इथल्या वस्तीत मोठी आग लागली, तेव्हा नव्या मेइजी सरकारने जळालेली जमीन पुन्हा बांधू न देता मोकळी ठेवली. पुढची आग पसरू नये म्हणून राखलेला हा पट्टा. १८७० मध्ये तिथे आगीपासून रक्षणासाठी एक देऊळ उभारलं गेलं. अग्निनिवारक म्हणून लोकांच्या ओळखीचा देव होता अकिबा, त्यामुळे लोक त्या मैदानाला अकिबाचं मैदान म्हणू लागले. १८८८ मध्ये रेल्वेसाठी देऊळ हलवलं गेलं आणि १८९० मध्ये मालगाड्यांचं स्थानक सुरू झालं. प्रवाशांसाठी ते खुलं व्हायला १९२५ उजाडलं. १९२८ पासून शेजारी कान्दा भागाची मोठी भाजी-फळ मंडई भरू लागली आणि पुढची साठ वर्षं तिथेच राहिली. हा सगळा भाग थोडक्यात सांगितला तरी चालेल, पण त्यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आकिहाबारा हा कधीही दिमाखदार खरेदीचा परिसर नव्हता. गिन्झाला जसे आलिशान डिपार्टमेंट स्टोअर होते, तसं इथे काही नव्हतं. घाऊक माल येणार, फोडला जाणार, छोट्या व्यापाऱ्यांच्या हातांतून पुढे जाणार, असा हा कष्टाचा बाजार होता.

१९४५ च्या बाँबवर्षावात टोकियोचा हा पूर्व भाग जळून गेला. त्यानंतर शहरभर काळे बाजार उभे राहिले. कुठे धान्य, कुठे कपडे, कुठे सिगारेटी. कान्दा आणि आकिहाबाराच्या रस्त्यांवर मात्र रेडिओच्या भागांचे ठेले वाढत गेले, आणि त्याला कारण होतं. जवळच विजेचं तांत्रिक शिक्षण देणारी संस्था होती, आजच्या टोकियो डेन्की विद्यापीठाची पूर्वज. तिथली मुलं रेडिओ जोडून विकत आणि पोट भरत. जपानी सैन्याच्या आणि अमेरिकी सैन्याच्या साठ्यांतून बाहेर पडलेले व्हॉल्व्ह, कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर ठेल्यांवर येत. रेडिओला मागणी अफाट होती. युद्धकाळात लघुलहरी ऐकायला बंदी होती. आता बातम्या हव्या होत्या, गाणी हवी होती, परदेशातून कोण परतलं याची खबर हवी होती. कारखान्यात बनलेल्या संचावर मोठा कर असे, त्यामुळे तो सामान्य घराला परवडत नसे. तेच भाग सुटे आणून घरी जोडले तर खर्च बराच कमी होई. १९५१ पासून खासगी रेडिओ केंद्रं सुरू झाली आणि एकाच शहरात अनेक केंद्रं ऐकू येऊ लागली. जुन्या पद्धतीच्या संचांना ती वेगवेगळी पकडता येईनात. अधिक व्हॉल्व्हचे, काटेकोर जुळणीचे सुपरहेटरोडाइन संच हवे झाले, म्हणजे आणखी भाग, आणखी आकृत्या, आणखी जोडणी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या पिढीने रेडिओ दुरुस्तीसाठी मारलेल्या चकरा आठवल्या, तर या गिऱ्हाइकाचा चेहरा मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल.

१९४९ मध्ये जपानवर ताबा असलेल्या अमेरिकी प्रशासनाने रस्त्यांवरचे ठेले उठवण्याचा आदेश दिला. माझ्या मते आकिहाबाराच्या इतिहासातला हा सर्वात महत्त्वाचा प्रसंग, आणि माहितीपुस्तकांत त्याला जेमतेम एक ओळ मिळते. ठेलेवाल्यांनी एकजूट केली, सरकारदरबारी अर्ज केले आणि रेल्वेच्या उन्नत मार्गाखालची जागा मिळवली. रेडिओ सेंटर, रेडिओ स्टोअर अशी नावं असलेल्या आच्छादित बाजारांत ते सगळे एकत्र बसले. ठेला गेला, पण ठेल्याचं माप टिकलं. प्रत्येकाला काही चौरस मीटरांचा गाळा मिळाला. एवढ्याशा जागेत सगळं ठेवता येत नाही, म्हणून एकाने फक्त ट्रान्सफॉर्मर ठेवले, दुसऱ्याने फक्त स्विच, तिसऱ्याने फक्त मोजमापाची उपकरणं. अशी दुकानदारी ज्ञानावर चालते. गाळ्यातल्या माणसाला आपला एकच जिन्नस नखशिखान्त ठाऊक असतो, आणि गिऱ्हाईक वस्तू घ्यायला येतं तसं विचारायलाही येतं. रेडिओ जोडणाऱ्या शाळकरी मुलांसाठी मासिकं होती, त्यांत आकृत्या छापलेल्या असत. त्या आकृतीतला एक भाग मिळत नसेल तर त्याऐवजी काय चालेल, हे सांगणारा माणूस गाळ्यात बसलेला असे. मासिक, गाळा आणि घरातलं टेबल या तिघांत फिरणारी ही शिकवणी कुठल्याही शाळेने आखलेली नव्हती. मला तिच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. हरलेल्या, जळालेल्या देशात एक पिढी आपली वीज आपण समजून घेत होती.

त्यानंतरचं तीस-पस्तीस वर्षांचं आकिहाबारा जगप्रसिद्ध आहे, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाचं. १९५३ मध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली. धुलाई यंत्र, फ्रिज आणि टीव्ही या तीन वस्तू प्रत्येक घराचं स्वप्न बनल्या, पुढे रंगीत टीव्ही आणि एअर कंडिशनर आले. रेडिओचे भाग विकणाऱ्यांपैकी काहींनी रस्त्याच्या दर्शनी बाजूला अनेक मजली दुकानं काढली आणि सवलतीत घरगुती उपकरणं विकायला सुरुवात केली. १९६२ मध्ये रेडिओ काइकान ही आठ मजली इमारत उभी राहिली. कुटुंबंच्या कुटुंबं रविवारी इथे येत आणि भाव करून टीव्ही नेत. पण याच काळात उन्नत मार्गाखालचे गाळे बंद पडले नाहीत, ही गोष्ट नोंदवायला हवी. दर्शनी भागात तयार वस्तू आणि मागे सुटे भाग, अशी दोन पदरी पेठ तयार झाली. पुढे जे घडलं ते या मागच्या पदरातून घडलं.

ऑगस्ट १९७६ मध्ये एनईसी कंपनीने टीके-८० नावाचा एक संच बाजारात आणला. किंमत ८८,५०० येन. खोका उघडला की आत सर्किट बोर्ड, मायक्रोप्रोसेसर, मेमरीच्या चिप, आकड्यांचा कळफलक आणि आठ आकडे दाखवणारी छोटी दिव्यांची पट्टी. सगळं सुटं. घेणाऱ्याने स्वतः सोल्डर करून जोडायचं. कंपनीचा हेतू माफक होता. मायक्रोप्रोसेसर म्हणजे काय हे कारखान्यांतल्या अभियंत्यांना समजावं आणि चिप खपाव्यात, म्हणून हा प्रशिक्षणाचा संच काढलेला. प्रत्यक्षात तो घ्यायला हौशी लोक लोटले. त्यांना प्रश्न पडत, जोडणी चुके, कुणाला तरी विचारावं लागे. म्हणून सप्टेंबर १९७६ मध्ये रेडिओ काइकानच्या सातव्या मजल्यावर बिट-इन नावाचं केंद्र उघडलं गेलं. तिथे यंत्रं हाताळता येत, माहीतगारांशी बोलता येई, आणि आठवड्याच्या सुट्टीत हौशी मंडळींचा अड्डा जमे. जपानच्या वैयक्तिक संगणकाचा जन्म इथे झाला असं पुढे म्हटलं गेलं. तीन वर्षांनी आलेला एनईसीचा पीसी-८००१ हा घरगुती संगणक याच अनुभवातून उभा राहिला. एनईसीला हे केंद्र दुसरीकडेही काढता आलं असतं. टोकियोत कार्यालयांची आणि दुकानांची कमतरता नव्हती. पण सोल्डरिंग आयर्न हातात धरता येणारी माणसं ज्या रस्त्याने आधीपासून चालत होती, तिथेच ते काढणं शहाणपणाचं होतं. रेडिओचा संच जोडलेल्या मुलाला संगणकाचा संच परका वाटला नाही. सुट्या भागांची पिशवी, आकृती, चूक शोधण्याची चिकाटी आणि सल्ला देणारा गाळेवाला या चार गोष्टी तशाच राहिल्या, फक्त आतलं यंत्र बदललं.

आता ॲनिमेकडे वळू. ओसामु तेझुकांचं ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ १ जानेवारी १९६३ ला टीव्हीवर आलं, तेव्हापासून जपानी घरांत दर आठवड्याला ॲनिमे येतंच आहे. पण पाहण्यासाठी पेठ लागत नाही. आपल्याकडे १९९० च्या दशकात दूरदर्शनवर घराघरांत पाहिलेलं ‘जंगल बुक’ जपानी स्टुडिओत बनलेलं होतं, हे बहुतेक प्रेक्षकांना ठाऊकही नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. पेठ लागते ती पाहण्याच्या पुढे जाणाऱ्याला. ज्याला तो भाग पुन्हा पाहायचा आहे, त्यातलं यान हातात धरायचं आहे, त्या पात्राची कथा स्वतः लिहायची आहे, तो माणूस साधनं शोधत बाहेर पडतो. १९७५-७६ मध्ये घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर आले. ते महाग होते, तरी ॲनिमेचे चाहते ते घेत, कारण एकदा प्रसारित झालेला भाग पुन्हा पाहण्याचा दुसरा मार्ग नव्हता. चित्र थांबवून, एकेक चौकट पुढे सरकवून ते हालचाल कशी काढली आहे याचा अभ्यास करत. यंत्राची जाण आणि चित्राची जाण एकाच माणसात एकत्र आली ती इथे.

या मिलनाचा सर्वांत स्पष्ट पुरावा टोकियोत नसून ओसाकात सापडतो. १९८१ मध्ये ओसाकाला विज्ञानकथा-प्रेमींचं एक संमेलन भरलं, डाइकॉन ३ या नावाने. त्याच्या उद्घाटनासाठी हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई या विद्यार्थ्यांनी मित्रांच्या मदतीने काही मिनिटांची ॲनिमेशन फिल्म केली, आठ मिलिमीटर फिल्मवर, व्यावसायिक सेल परवडत नव्हते म्हणून स्वस्त प्लास्टिकच्या पत्र्यांवर चित्रं काढून. या मंडळींतून पुढच्या वर्षी जनरल प्रॉडक्ट्स नावाचं दुकान निघालं, आणि तिथे विकल्या जाऊ लागल्या गराज किट. गराज किट म्हणजे एखाद्या पात्राच्या किंवा यंत्राच्या मूर्तीचे रेझिनमध्ये ओतलेले सुटे भाग. कोण्या हौशी माणसाने मूळ मूर्ती कोरायची, घरी साचा करायचा, थोडे नग ओतायचे. घेणाऱ्याने ते भाग घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. १९८५ पासून अशा किटांचा वंडर फेस्टिव्हल भरू लागला. तिथे मूळ हक्कधारकांकडून केवळ त्या एका दिवसापुरती परवानगी घेऊन हौशी माणसाला आपली किट विकता येते, ही तिथली मोठी सुंदर तोड आहे. याच गटाने १९८४ च्या अखेरीस गायनॅक्स हा स्टुडिओ काढला. त्याने संगणकावरचे खेळही बनवले, आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हान्गेलियन’ ही मालिका आणली, जिने ॲनिमेच्या चाहत्यांची संख्या आणि त्यांची खरेदी दोन्ही पालटून टाकली. म्हणजे आकिहाबाराला ॲनिमेची पेठ बनवणाऱ्या लाटेच्या उगमाशी जी माणसं होती, ती स्वतः किट बनवणारी आणि किट विकणारी होती.

काइयोदो या कंपनीची वाट याला पूरक आहे. १९६४ मध्ये ओसाकाजवळच्या मोरिगुचीत प्लास्टिक मॉडेलचं एक अगदी छोटं दुकान म्हणून तिची सुरुवात झाली. गराज किटांमुळे ती नावारूपाला आली आणि १९९२ पासून वंडर फेस्टिव्हलही तीच भरवू लागली. टोकियोतलं तिचं दुकान शिबुयात होतं, तरुणांच्या फॅशनच्या झगमगाटात. १९९७ मध्ये ते तिथून उठलं आणि आकिहाबाराच्या रेडिओ काइकानमध्ये आलं. त्यापाठोपाठ व्होल्क्स आणि के-बुक्स याच इमारतीत आले. हौशी लेखक-चित्रकारांनी स्वतः छापलेली डोजिनशी पुस्तकं विकणारं तोरानोआना हे दुकान १९९४ पासूनच आकिहाबारात होतं. इमारतीच्या नावात रेडिओ, सातव्या मजल्यावर संगणकाचं केंद्र, आणि आता रेझिनच्या सुट्या भागांच्या पिशव्या. ज्या जिन्याने टीके-८० घेणारा वर गेला, त्याच जिन्याने वीस वर्षांनी गराज किट घेणारा गेला, आणि वयाचा हिशेब केला तर त्यांतले काही तेच लोक असणार.

दर्शनी पदर मात्र या सुमारास फाटत चालला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून उपनगरांत, मोटार लावायला ऐसपैस जागा असलेली घरगुती उपकरणांची दुकानं निघाली आणि टीव्ही-फ्रिज घेणारी कुटुंबं तिकडे गेली. आकिहाबाराच्या व्यापाऱ्यांनी संगणकाचा आधार घेतला. १९९० मध्ये लाओक्स या दुकानदार कंपनीने संगणकांसाठी स्वतंत्र इमारतच उघडली. त्याच वर्षी आयबीएमच्या जपानी शाखेने डॉस/व्ही आणलं, ज्यामुळे खास जपानी यंत्राशिवाय, साध्या सार्वत्रिक पीसीवर जपानी लिपी चालू लागली. याचा अर्थ मदरबोर्ड, डिस्क आणि मेमरी सुटी आणून संगणक घरी जोडता येऊ लागला. नोव्हेंबर १९९५ मध्ये एका मध्यरात्री विंडोज ९५ घ्यायला आकिहाबारात जी गर्दी उसळली तिची छायाचित्रं जगभर गेली. सुट्या भागांची दुकानं मागच्या गल्ल्यांत पसरली, आणि त्याच गल्ल्यांच्या वरच्या मजल्यांवर संगणकाचे खेळ, डोजिनशी आणि किट आली.

या मांडणीवर पहिला आक्षेप काइचिरो मोरिकावा यांच्या अभ्यासातून उभा राहतो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. २००३ च्या आपल्या पुस्तकात मोरिकावांनी दाखवलं की शिन्जुकूचा पश्चिम भाग सरकारी नियोजनाने घडला, शिबुया मोठ्या भांडवलाने घडवलं, पण आकिहाबारा घडलं ते एका प्रकारच्या माणसांच्या आवडीनिवडीने. संगणक आवडणाऱ्या मुलांना ॲनिमेही आवडे, खेळही आवडत. ती एका ठिकाणी जमू लागली आणि शहराने त्यांच्या आवडीचं रूप घेतलं. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनानंतर विज्ञानाने उजळलेल्या भविष्यावरचा विश्वास ओसरला आणि त्या पोकळीत ही मुलं काल्पनिक जगाकडे वळली, असंही ते म्हणतात. सरकार किंवा भांडवल यांना श्रेय न देण्यात मी मोरिकावांच्या सोबत आहे. पण आवड ही एकटी शहर घडवत नाही. ज्यांची आवड सारखी आहे अशी माणसं कुठेही विखुरलेली असू शकतात. त्यांना एका रस्त्यावर आणायला त्या रस्त्यात काही असावं लागतं. आकिहाबारात होते छोटे, विशेषज्ञ, कमी जागेत थोडा आणि दुर्मीळ माल ठेवून जगू शकणारे गाळे. पन्नास नग ओतलेली किट किंवा शंभर प्रती छापलेलं डोजिनशी मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या कपाटाला परवडत नाही, पण ज्या पेठेने फक्त स्विच विकून संसार चालवले तिला ते समजतं. विश्वास ओसरल्याची गोष्टही मला अर्धीच खरी वाटते. गराज किटसाठी रात्र रात्र साचे करणारा आणि संगणकावर खेळ लिहिणारा मुलगा भविष्याकडे पाठ फिरवून बसलेला नव्हता. त्याचे हात काम करत होते.

दुसरा आक्षेप भूगोलाचा. ॲनिमे-मांगाची पेठ टोकियोत आणखी दोन ठिकाणी आहे. नाकानो ब्रॉडवे या १९६६ च्या व्यापारी संकुलात मांदाराके हे जुन्या मांगाचं दुकान १९८० पासून आहे. इकेबुकुरोत अ‍ॅनिमेटचं पहिलं दुकान १९८३ मध्ये निघालं. दोन्हीकडे रेडिओच्या भागांचा इतिहास नाही. इकेबुकुरोचा मुद्दा तर अधिक बोचरा आहे. डिसेंबर १९७५ मध्ये पहिलं कॉमिकेट, म्हणजे डोजिनशींचा मेळा, भरलं तेव्हा आलेल्या सुमारे सातशे जणांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. स्वतः लिहिणं, काढणं, छापणं ही सवय सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर मुलींनी जोपासली. हाताने करण्याची सवयच जर मूळ असेल, तर त्या आकिहाबाराला का आल्या नाहीत? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यामुळे माझा दावा आखडता घ्यावा लागतो. सुट्या भागांचा बाजार जपानमधल्या सगळ्या ॲनिमे-संस्कृतीचा उगम नव्हे. तीस वर्षं मुलगे आणि पुरुष यांच्याशीच बोलायची सवय झालेल्या पेठेत मुलींना आपली जागा दिसली नाही, आणि त्यांनी ती इकेबुकुरोत केली. हे आकिहाबाराचं उणेपण आहे आणि ते त्या रेडिओच्या वारशातूनच आलेलं आहे. दावा एवढाच उरतो की आकिहाबारा ज्या विशिष्ट प्रकारे ॲनिमेचं झालं, त्याचं कारण तिथला आधीचा व्यापार. याला आधार इतर शहरांतून मिळतो. ओसाकाचं निप्पोनबाशी हे युद्धोत्तर इलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र. तिथेही किट, खेळ आणि डोजिनशीची दुकानं मागच्या रस्त्यावर जमली आणि त्या रस्त्याला ओता रोड (ओताकू, म्हणजे झपाटलेल्या चाहत्यांचा रस्ता) असं नाव पडलं. नागोयात ओसु भागात इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं होती; तिथेही तेच झालं, आणि जागतिक कॉस्प्ले संमेलनाची मिरवणूक त्याच ओसुतून निघू लागली. तीन वेगळी शहरं, वेगळे व्यापारी, वेगळी भाडी, आणि तिन्हींकडे जुनी वीज-पेठच ॲनिमेची पेठ झाली. हा योगायोग म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं इतिहासात जमा आहे. आजचं आकिहाबारा पर्यटन, सरकारी प्रोत्साहन आणि तयार मालावर चालतं. यात तथ्य आहे. १९८९ मध्ये मंडई ओता भागात हलली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर माहिती-तंत्रज्ञानाचं केंद्र उभारायची योजना टोकियो महानगर प्रशासनाने आखली. २००५ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेस सुरू झाली, योदोबाशी या साखळीचं इलेक्ट्रॉनिक्सचं अवाढव्य दुकान उघडलं, ‘देन्शा ओतोको’ ही एका ओताकूची प्रेमकथा चित्रपट आणि मालिकेतून देशभर पोहोचली, आणि डिसेंबरात एकेबी-४८ या गायिकांच्या गटाचं नाट्यगृह सुरू झालं. २००६ मध्ये यूडीएक्स इमारत उभी राहिली आणि तिच्यात टोकियो अ‍ॅनिमे सेंटर आलं. पण या तारखांचा क्रम बघा. काइयोदो १९९७, तोरानोआना १९९४, पहिलं कायमस्वरूपी मेड कॅफे मार्च २००१. प्रशासन आलं तेव्हा पेठ उभी होती. तयार मालाचं म्हणावं तर मूर्ती आता रंगवून, जोडून, खोक्यात भरून येतात, आणि बहुतांश गिऱ्हाइकांना साचा म्हणजे काय हे ठाऊक नसतं. तरीही हे पहिल्यांदा घडत नाहीये. १९६० च्या दशकात तयार टीव्हीने अशीच सगळी दर्शनी बाजू व्यापली होती आणि तेव्हाही सुट्या भागांचे दिवस संपले असं वाटण्यासारखी परिस्थिती होती. तयार वस्तूंचा पदर येतो आणि जातो. टीव्ही गेला, उद्या कदाचित खोक्यातल्या मूर्तीही जातील. मात्र मागचा पदर या खेपेस खरोखर विरतो आहे, हे नाकारणं बरं नाही. इंटरनेटवरून भाग मागवता येतात, गाळेवाले म्हातारे झाले. १९४९ पासून चालत आलेलं रेडिओ स्टोअर नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद झालं. मला याचं दुःख आहे, कारण त्या गाळ्यांसोबत जी माहिती जाते ती कुठल्याही कॅटलॉगमध्ये छापलेली नसते.

ॲनिमेला स्वतःलाही हे नातं ठाऊक आहे. २००९ चा खेळ आणि २०११ ची मालिका ‘श्टाइन्स गेट’ घडते आकिहाबारातच. तिचे नायक विद्यार्थी मायक्रोवेव्ह आणि मोबाइल जोडून काळात मागे संदेश पाठवणारं यंत्र बनवतात, आणि कथेची सुरुवात रेडिओ काइकानमध्ये होते. जुनी इमारत त्याच २०११ मध्ये पाडायला घेतली गेली, नवी २०१४ मध्ये उघडली. कॉमिकेटच्या डिजिटल विभागात आज हौशी अभियंते स्वतः आखलेली सर्किट बोर्डं विकतात. २०१६ मध्ये आकिहाबारात तंत्रविषयक डोजिनशींचा एक स्वतंत्र मेळा सुरू झाला, गिजुत्सु शोतेन नावाचा. प्रोग्रामर, नेटवर्कवाले, हार्डवेअरवाले तिथे आपण शिकलेली गोष्ट पंचवीस-पन्नास पानांत लिहून, छापून, टेबलावर मांडतात. घेणारा समोर उभा राहून प्रश्न विचारतो. पुढल्या काही वर्षांत तो मेळा यूडीएक्सच्या सभागृहात भरला. ॲनिमेच्या चाहत्यांनी चाळीस वर्षं घडवलेला पुस्तकाचा हा प्रकार तंत्रज्ञांनी उचलला, आणि त्यांनी तो वापरला एखादं सर्किट किंवा एखादी प्रणाली कशी जोडायची हे एकमेकांना सांगण्यासाठी.